बट्टा कुठे गेला?
हाली, कलदार आणि पैशावरची मक्तेदारी

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तेव्हा आपण सराफकट्ट्यावरची भाषा बोलत असतो. बट्टा म्हणजे नाण्याच्या दर्शनी किमतीतून होणारी कपात. झिजलेले, कमी कसाचे किंवा परमुलखातले नाणे पुढे केले की सराफ ते वाजवून, तोलून, कसोटीवर घासून पाही आणि त्यावर बट्टा कापून घेई. माणसालाही आपण ‘खणखणीत’ म्हणतो, ‘पारखून’ घेतो. पोतदार, पारखी, टांकसाळे ही आडनावे याच व्यवहारातून आली. पैसा विश्वासाने नव्हे, तर पारखून घ्यायची वस्तू आहे, ही समज आपल्या भाषेत अशी मुरलेली आहे.

आज बट्टा दिसत नाही. पाचशेची नोट धाराशिवात पाचशेची आहे, सोलापुरात आणि हैदराबादेतही पाचशेचीच आहे. ती कोणी वाजवून पाहत नाही. मग बट्टा खरोखर संपला, की तो नजरेआड झाला? मध्यवर्ती बँक आणि सरकारची पैशावरची मक्तेदारी यांवर मुक्त बाजारपेठेच्या विचारवंतांनी जो आक्षेप घेतला आहे, तो या एका प्रश्नात मावतो. मी अर्थशास्त्राची पदवी घेतलेला माणूस नाही. जुनी नाणी, जुने दस्तऐवज आणि गॅझेटियर चाळता चाळता या प्रश्नाशी येऊन पोचलो. आपल्या जिल्ह्याने एका पिढीच्या हयातीत दोन रुपये वापरले आहेत, म्हणून हा प्रश्न इथल्या मातीवर तपासून पाहता येतो.

आक्षेप काय आहे?

मुक्त बाजारपेठवाद्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्वारी, कापड किंवा लोखंड पुरवण्याची मक्तेदारी सरकारला दिली तर माल महाग होतो आणि त्याचा कस घसरतो, हे बहुतेकांना पटते. मग पैशाची मक्तेदारी मात्र निर्धोक कशी? पैसा छापणाऱ्याच्या हाती एक असा कर येतो की ज्यासाठी विधिमंडळात मंजुरी घ्यावी लागत नाही. जादा नोटा बाजारात आल्या की प्रत्येकाच्या गाठीच्या नोटेची खरेदीशक्ती घटते. तिच्यावरचा आकडा मात्र तोच राहतो.

यावर दोन उपाय सुचवले गेले. अमेरिकेच्या मिल्टन फ्रीडमन यांचा उपाय नियमाचा होता. पैशाचा पुरवठा दरवर्षी ठरावीक, जाहीर दराने वाढावा आणि तो ठरवण्याची मुभा अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहू नये. फ्रीडरिक हायेक त्यांच्या पुढे गेले. १९७४ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या हायेक यांनी १९७६ मध्ये एका पुस्तिकेत मांडले की पैशावरची सरकारी मक्तेदारीच काढून टाकावी. बँकांनी आपापले चलन काढावे आणि ज्याचे मोल टिकेल ते लोक निवडतील. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हाकलते हा ग्रेशमच्या नावाने ओळखला जाणारा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. हायेक यांनी त्याची अट दाखवून दिली. दोन्ही नाणी एकाच भावाने घेण्याची सक्ती असेल तरच तो नियम चालतो. सक्ती नसेल तर उलटे घडते, लोक चांगले नाणे मागतात आणि वाईटाला बट्टा लावतात.

तगरच्या बाजारात

ही उलटी बाजू पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत तगरचे नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर, आणि इथले कापड भडोच बंदरात जाई. त्याच ग्रंथात पैशाबद्दल दोन नोंदी आहेत. रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला आणून स्थानिक नाण्यांत बदलली तर नफा होतो, ही पहिली. ही बट्ट्याचीच नोंद म्हणायची. दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी भडोचमध्ये अजून चालतात, असे लेखक सांगतो. ते राजे जाऊन शतक उलटून गेले होते. नाण्यामागे हुकूम देणारे कोणी उरले नव्हते, चांदी तेवढी होती.

रोमन नाण्यांचेही तेच. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांच्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या नाण्यांचे प्रमाण फार मोठे आहे. सम्राट नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास चांदीच्या नाण्याचे वजन आणि कस कमी केला. त्यानंतरची नाणी इकडे फार कमी आढळतात. रोमच्या नागरिकावर नीरोचे नाणे घेण्याची सक्ती होती. दख्खनच्या व्यापाऱ्यावर ती नव्हती. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळच्या वस्तू पाहताना मला हा मुद्दा नेहमी आठवतो.

टांकसाळींचा सुळसुळाट

पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दख्खनमध्ये नाण्यांचे जंगल माजले. पेशव्यांच्या मुलखात सनद घेऊन खाजगी टांकसाळी चालत. अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये फिरत. तांब्याची शिवराई तर स्वराज्य गेल्यानंतरही कितीतरी काळ खेड्यापाड्यांत चालत राहिली. निजामाच्या राज्यातही जहागीरदारांच्या आणि सावकारांच्या टांकसाळी होत्या. औरंगाबादेकडे गोविंदबक्षी रुपया चाले.

हायेक यांच्या स्वप्नातला बाजार तो हाच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. कस घसरला की बट्टा वाढे आणि टांकसाळवाल्याची पत जाई. लबाडीला शिक्षा होती आणि ती तत्काळ होती. पण पारख करायला कसोटी, तराजू आणि अनुभव लागतो. तो सराफाकडे होता, कुणब्याकडे नव्हता. सारा एका नाण्यात, बाजार दुसऱ्या नाण्यात, सावकाराचे देणे तिसऱ्या नाण्यात. प्रत्येक बदलात बट्टा जाई तो ज्याला पारख नाही त्याच्या खिशातून. स्पर्धेने नाणे पाडणाऱ्यावर वचक राहिला, पण त्या वचकाचा खर्च सर्वात दुबळ्याने भरला. मुक्त चलनाची बाजू मांडणाऱ्यांनी ही बाब टाळून पुढे जाऊ नये.

सर सालारजंग १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झाले. त्यांनी मुलखातल्या टांकसाळी बंद करून नाणे हैदराबादच्या एका टांकसाळीत आणले. दिल्लीच्या बादशहाचे नाव गेले आणि आसफजाहचे आले. त्या रुपयाला ‘हाली सिक्का’ म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला.

आणि त्याच १८५३ साली आपला जिल्हाच तारण गेला! कंपनी सरकारच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाकडे थकला, म्हणून त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे लावून देण्यात आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गचा कारभार पाहत होता. १८६० च्या तहाने हा मुलूख परत निजामाकडे आला. छापखाना हाताशी नसलेल्या सरकारवर कर्ज झाले की मुलूख गहाण पडतो. पुढच्या काळातल्या सरकारांना ही वेळ आली नाही, कारण त्यांना दुसरा मार्ग सापडला होता.

सात हाली, सहा कलदार

इंग्रजी रुपयाला आपल्याकडे ‘कलदार’ म्हणत. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. हाली आणि कलदार यांचा रूढ भाव १०० कलदारला ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै असा होता, म्हणजे सहा कलदारला सात हाली. हा भाव आला कुठून, हे मी एकदा नाण्यांच्या वजनावरून मांडून पाहिले. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी १०.६९ ग्रॅम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के कसाचा, म्हणजे चांदी ९.१४ ग्रॅम. दोन्हींचे गुणोत्तर ०.८५५ येते. सहा भागिले सात म्हणजे ०.८५७. विनिमयाचा भाव नाण्याच्या पोटातल्या चांदीशी असा जुळतो.

आपला जिल्हा या दोन रुपयांच्या शिवेवर होता. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, परंडा हा भाग निजामाचा. सोलापूर आणि बार्शी इंग्रजांची. माल सोलापूरच्या गिरण्यांकडे आणि बार्शीच्या पेठेकडे जाई, भाव कलदारात मिळे. भवानीच्या दर्शनाला येणारा सोलापूरकडचा यात्रेकरू कलदार घेऊन येई. शेतसारा, स्टॅम्प आणि नोकराचा पगार मात्र हालीत. शिवेवर करोडगिरीचे नाके होते, तिथे मालावर जकात. आमची आजी भाव सांगताना ‘हाली का कलदार?’ असे विचारून मगच बोले, आणि ती सवय तिने निजामी गेल्यावरही कित्येक वर्षे सोडली नव्हती.

इथे हायेक यांच्या सिद्धांताला एक अडचण येते. कलदारात चांदी जास्त होती आणि तो देशभर चालत होता. मग हाली बाजारातून गेला का नाही? कारण सारा हालीत भरावा लागे. सरकार कर ज्या नाण्यात घेते, त्या नाण्याला गिऱ्हाईक कायम असते. केवळ नोटा काढायची मोकळीक देऊन चलनांची स्पर्धा होत नाही. कर कशात घ्यायचा हे ठरवणारा आधीच निम्मी बाजी जिंकून बसलेला असतो.

समुद्रतळाची साक्ष

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये हैदराबादने कागदी नोटा काढल्या. स्वतःच्या नोटा असणारे हे वेगळेच संस्थान. या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही किंमत लिहिलेली असे. नोटा लंडनला छापून जहाजाने येत. २० मे १९२२ रोजी ‘इजिप्त’ नावाचे जहाज मुंबईकडे येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाले. त्यात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते आणि हैदराबादच्या, अजून सही न झालेल्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी शंभर मीटरहून खोल तळातून दोन्ही वर काढले. सोने सोनेच होते. नोटा स्मृतिचिन्ह म्हणून गेल्या. कागदी पैशाचे मोल एका सहीत असते, आणि सही करणाऱ्याचा हात कोण धरणार हा पुढचा प्रश्न.

बाबासाहेबांचे उत्तर

हा प्रश्न मराठी माणसाने हायेक-फ्रीडमनच्या कितीतरी आधी लंडनमध्ये मांडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याची पार्श्वभूमी अशी. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन, ठरलेली मजुरी देऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. रुपये किती असावेत हे सरकार ठरवत नव्हते. जगात चांदी स्वस्त झाली, रुपयाचा पौंडाशी भाव उतरला आणि विलायतेला भरायची रक्कम सरकारला जड जाऊ लागली. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. नाण्याची किंमत धातूपेक्षा वर गेली. बायकांच्या अंगावरची चांदी, म्हणजे शेतकऱ्याची अडीअडचणीची ठेव, रुपयांच्या मानाने स्वस्त झाली. आणि लगेच १८९६ व १८९९ चे दुष्काळ आले. ती चांदी मोडायची वेळ नेमकी तेव्हाच आली.

पुढे सोन्याच्या विनिमयाशी रुपया बांधण्याची जी पद्धत रूढ झाली, तिची केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने वाखाणणी केली होती. बाबासाहेबांनी तिच्यावर कठोर टीका केली. त्यांचा मुद्दा असा की या पद्धतीत रुपये किती पाडायचे यावर बंधनच नाही, आणि नाणे पाडण्यातला नफा सरकारलाच मिळतो. त्यांचा उपाय होता रुपयांची नाणेपाडणी बंद करून त्यांच्या संख्येला कायमची मर्यादा घालण्याचा. परदेशी भावापेक्षा देशातल्या खरेदीशक्तीचे स्थैर्य त्यांना महत्त्वाचे वाटे, कारण महागाईची झळ मजुराला आधी लागते. १९२५ मध्ये रॉयल कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी आणखी एक भेद केला. बँकेने बेसुमार नोटा काढल्या तर नुकसान तिच्या स्वतःच्या मालमत्तेचे होते. सरकारी अधिकाऱ्याने तेच केले तर त्याच्या खिशाला तोशीस लागत नाही. म्हणून सरकारच्या हातातले मर्जीचे चलन त्यांना नको होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेसाठी आले होते. त्यांची ती भेट इथे आवर्जून आठवली जाते. रुपयावरचा त्यांचा विचार मात्र जिल्ह्यातल्या व्याख्यानमालांत क्वचितच ऐकू येतो.

मक्तेदारीची परीक्षा

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा ती खाजगी भागधारकांची होती. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. खाजगी मालकीने तरी हात बांधले गेले का? नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकार भारतातून माल घेई, लंडनमध्ये पौंडांचे रोखे जमा करी आणि त्या रोख्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा सहा पटींहून अधिक वाढल्या. रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, पुढे नाणे निकेलचे झाले. कलदारशी बांधलेला हालीही त्याच पुरात वाहिला. नीरोने जे केले तेच हे. फरक एवढाच की या वेळी तगरच्या व्यापाऱ्याला नाकारण्याची सोय नव्हती.

चलन हे शस्त्रही असते, हे मराठवाड्याने लवकरच पाहिले. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंधन आले, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरले. शिवेवरच्या ज्या गावांचा बाजार सोलापूर-बार्शीत होता, त्यांच्या गाठीचा कलदार एका कागदाने परका झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. पुढे हाली टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला, तो त्याच सातास सहाच्या भावाने. जुन्या ठेवींना न्याय मिळाला, हे इथे नोंदवले पाहिजे.

आजचे बंधन किती आहे? सुरुवातीच्या कायद्यात नोटांच्या ४० टक्क्यांइतके सोने आणि पौंडांचे रोखे ठेवण्याची अट होती. १९५७ पासून ती सोने आणि परकीय रोखे मिळून किमान २०० कोटी रुपये, त्यांतले सोने ११५ कोटींचे, एवढीच उरली. नोटा कितीही वाढोत, कायद्यातला हा आकडा हललेला नाही. २०१६ मध्ये महागाई ४ टक्के, वरखाली २ टक्के, असे उद्दिष्ट कायद्याने ठरले. फ्रीडमन यांच्या नियमाच्या दिशेने हे एक पाऊल म्हणता येईल. २०२२ मध्ये सलग तीन तिमाही महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली. अशा वेळी बँकेने सरकारला कारणांचा अहवाल द्यायचा असतो. तो दिला गेला, पण लोकांपुढे ठेवला गेला नाही. टांकसाळवाल्याची पत भर बाजारात जाई. इथली शिक्षा एका बंद लिफाफ्यात मावली.

आता हिशेब मांडू. उद्दिष्ट तंतोतंत पाळले, महागाई ४ टक्केच राहिली, तरी घरातल्या रोख रकमेची खरेदीशक्ती सुमारे १८ वर्षांत निम्मी होते. ६ टक्क्यांनी १२ वर्षांत. शहरातला माणूस जमीन, सोने, शेअर यांत पैसा वळवून हा बट्टा चुकवतो. लोहारा-भूम भागातली मजूर बाई, जिची बचत डब्यात आहे, ती तो पूर्ण भरते. जुन्या काळी पारख नसलेला बट्टा भरत होता. आजही तोच भरतो.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तिला आणखी एक गोष्ट कळली. नोट तिची असली तरी तिचे चालणे दुसऱ्याच्या शब्दावर आहे. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. ऐन रब्बीच्या दिवसांत, गावातल्या सोसायटीमार्फत ज्या बँकेशी शेतकऱ्याचे नाते, तेच दार बंद झाले.

मग काय हवे?

हायेक यांचा पूर्ण खुला बाजार मला पटत नाही. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली, तेव्हा नोटा काढणारी नसूनही तिने शेकडोंना हात चोळत बसवले. खाजगी नावाला आपोआप खणखणीतपणा येत नाही. एका देशात एक नाणे असण्याची सोय गरिबाला सर्वात जास्त आहे. हाली-कलदारच्या शिवेवर राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

पण मुक्त बाजारपेठवाद्यांचा मूळ आक्षेप त्यामुळे खोडला जात नाही. नाणे एक असावे याचा अर्थ ते पाडणारा निरंकुश असावा असा होत नाही. बाबासाहेबांनी मागितलेली मर्यादा कायद्यात यावी. उद्दिष्ट चुकले तर कारणांचा अहवाल लोकांपुढे यावा. नोट रद्द करायची तर संसदेत आधी किंवा लगेच नंतर चर्चा व्हावी, आणि गावातल्या सोसायटीच्या खातेदाराला शहरातल्या खातेदाराइतकीच मुदत मिळावी. सोने-चांदीसारख्या जुन्या ठेवींवर जाचक बंधने येऊ नयेत, कारण नाकारण्याची उरलेली सोय ती एवढीच.

बट्टा पूर्वी सराफाच्या फळीवर, डोळ्यांदेखत कापला जाई आणि किती कापला ते विचारता येई. आज तो वर्षभर, थोडा थोडा, कोणाच्याही सहीशिवाय कापला जातो. तो किती कापायचा हे कोणी ठरवले आणि चूक झाली तर भरपाई कोण देणार, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दरवर्षी अर्थसंकल्पानंतर आपण कराचे आकडे पाहतो, तसा हा आकडाही पाहायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.